दारातून परत पाठवलेला पट्टा

"पट्टा वरून बघू नकोस, पोटाकडून बघ. आणि हात घालायच्या आधी किल्ली काढून पदराच्या टोकाला गाठ मार. गाठ मारल्याखेरीज बोटसुद्धा पुढे करायचं नाही."

शामकांतरावांनी हे सांगितलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पण तो आवाज त्यांच्या बायकोच्या, दमयंतीच्या, कानात जसाच्या तसा होता. औषध जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, हे रोग्याला समजावून सांगावं, त्याच सुरात ते गाडीचंही सांगत.

पारनेरला त्यांचा दवाखाना होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जायला त्यांनी नगरच्या कॅम्पातल्या एका साहेबाकडून जुनी मोटार घेतली होती. दोन दारांची, बुटकी, बारा-तेरा वर्षं वापरलेली. गावात तिला सगळे 'डॉक्टरांची डबी' म्हणत. या डबीच्या इंजिनाच्या तोंडाशी एक काळा रबरी पट्टा होता. खालचं चाक त्याला ओढायचं आणि तो वरचा पंखा नि बाजूचा डायनॅमो फिरवायचा. तो तुटला की पंखा थांबणार, पाणी उकळणार आणि गाडी रस्त्यात बसणार. शामकांतरावांचा पंजा रुंद. पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तो जायचाच नाही. दमयंतीचा हात मात्र जायचा. बांगड्या कोपराकडे सारून त्यांवर चिंधी बांधायची आणि हात आत घालायचा. पहिल्यांदा घातला तेव्हा तिला वाटलं होतं, आपण एखाद्या जनावराच्या जबड्यात हात घालतोय. इंजिन बंद होतं, किल्ली पदराला होती, तरी दातखीळ बसायची वेळ आली होती.

तशी ती मुळातच भित्री. मोठ्याने बोलणं तिला जमायचं नाही, आणि कुणी मोठ्याने बोललेलंही सोसायचं नाही. गावामागच्या माळावर शामकांतरावांनी तिला गाडी चालवायला शिकवली, ती निव्वळ त्यांच्या हौसेखातर. तिने ते शिकून घेतलं ते एखादं कडक व्रत पाळावं तसं, डोळे ताणून आणि ओठांत देवाचं नाव धरून. मूलबाळ नव्हतं. दिवसाचे बारा तास तिने नेमांनी भरून टाकले होते. पहाटे तुळशीला एकशेआठ प्रदक्षिणा, दुपारी वाती वळणं, संध्याकाळी रामरक्षा. चातुर्मासात त्यात भर पडे. शनिवारचा नेम तिच्या माहेरचा होता: दिवेलागणीपर्यंत उपास, आणि त्या दिवशी तेल, लोखंड, चामडं, काळी वस्तू घरात आणायची नाही.

ते चव्वेचाळीस साल होतं. लढाई सुरू होती आणि रबराची वस्तू बाजारातून नाहीशी झाली होती. डबीचा पट्टा आषाढापासूनच कुरकुरायला लागला होता. सुप्याला हमरस्त्यावर छगन मिस्त्रीची टपरी होती. त्याने पुण्याहून पट्टा मागवून देतो म्हणून शब्द दिला होता, आणि महिनाभर त्याची वाट बघणं चाललं होतं.

तो पट्टा आला श्रावणातल्या शनिवारी, सकाळी आठाला.

शामकांतराव एका रोग्याला बघायला गावातच गेले होते. दमयंती प्रदक्षिणा आटोपून ओसरीवर आली, तर छगन दारात. नऊ मैल सायकल हाणून घामाघूम झालेला, आणि गळ्यात हार घालावा तसा तो काळा पट्टा. तेलाचा वास ओसरीपर्यंत आला. दमयंती दोन पावलं मागे सरली. आज शनिवार आहे, उद्या आणा, असं तिने हळू आवाजात सांगितलं. छगनला आधी कळेना, मग हसू आलं. हे रबर हाय वैनीबाई, चामडं न्हाई, असं त्याने पट्टा वाकवून दाखवलं. काळा आहे आणि तेलाचा आहे, ती म्हणाली. मग घरात नको, बाहेर गाडीत टाकून जातो, असं तो म्हणाला. गाडीही घरचीच, ती म्हणाली.

"बरं," छगन म्हणाला, "तुमच्या आन देवाच्या मधी म्या कशाला येऊ. म्या बी आज शिंगणापूरलाच निघालोय. उद्या सांजंच्याला घेऊन येतो. तेवढं डॉक्टरसायबांच्या कानावर घाला म्हंजे झालं."

घालते, असं ती म्हणाली. पण शामकांतराव आले, आंघोळीला गेले, पूजेला बसले, आणि तिने काही सांगितलं नाही. ते रागावले नसते. ते नुसते हसले असते. त्यांचं ते हसणं तिला रागावण्यापेक्षा जड जायचं.

दुपारी बाराला ते दवाखान्यातून चालत घरी आले ते कमरेत वाकूनच. सकाळपासून पोट दुखत होतं, त्यांनी ते अंगावर काढलं होतं. ते खाटेवर आडवे झाले. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, त्यांनी स्वतःच बोटं रुतवली आणि एकदम सोडली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो दमयंतीने कधी ऐकला नव्हता.

"अपेंडिक्स," ते म्हणाले. "नगरला गेलं पाहिजे. आज, आत्ता. पोट उघडावं लागेल."

नगरला जाणारी सकाळची सर्व्हिस मोटार निघून गेली होती. कंपाउंडर मच्छिंद्र कर्जतला सासुरवाडीला गेला होता. गावात गाडी चालवता येणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक खाटेवर होतं. दुसरं खाटेपाशी उभं होतं.

शेजाऱ्यांनी डॉक्टरांना उचलून मागच्या बाकावर निजवलं. गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय तिथे माणूस मावत नव्हता, आणि त्यांना तर गुडघे पोटाशीच हवे होते. बरोबर कोण येतं असं विचारल्यावर शेजारच्या राधाकृष्णपंतांनी धोतर सावरलं. वहिनी चालवणार म्हटल्यावर आपण मागून बैलगाडीने येतो, असं ते म्हणाले. एरवी शामकांतराव या गोष्टीवर आठवडाभर हसले असते.

गाडी सुरू होताच पट्टा किंचाळला. नेहमीच किंचाळायचा. आज तो आवाज दमयंतीच्या छातीत गेला.

गावाबाहेर पडल्यावर मागून त्यांचा आवाज आला. बोलताना ते मधेच थांबत होते. "एक सांगून ठेवतो. वाटेत दुखायचं एकाएकी थांबलं ना, तर आनंदू नकोस. आत फुटलं असं समज. तेव्हा गाडी आणखी जोरात हाण."

ती हो म्हणाली. मान मागे वळवायचं धाडस नव्हतं. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ती रामरक्षा म्हणू लागली, मनात नव्हे, पुटपुटत. एक रामरक्षा म्हणायला तिला पाच मिनिटं लागत. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती पाच मिनिटं घड्याळाइतकी पक्की होती. सुप्याच्या टपरीपाशी गाडी थांबली तेव्हा आठवी संपत आली होती.

छगन नव्हता. त्याची बायको भीमाबाई शेळीला पाला टाकत होती. दमयंतीने पट्टा मागितला. भीमाबाईने आधी तिच्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

"सकाळी आमच्या मानसाला दारातनं परत धाडलंत, आन आता धावत आलात व्हय? आता शनवार न्हाई का?" ती म्हणाली. मागच्या काचेतून आत निजलेला माणूस तिला अजून दिसला नव्हता.

दमयंतीने गाडीकडे पाहिलं. काच उघडी होती. शामकांतरावांचे डोळे मिटलेले होते, पण ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा आणि झोपलेल्या माणसाचा चेहरा यांतला फरक बायकोला कळतो.  तिला वाटलं, एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

भीमाबाईने आत बघितलं मात्र, हातातला पाला टाकून ती पळत टपरीत गेली. खुंटीला तीन पट्टे होते. यातला डॉक्टरचा कुठला हे तिला ठाऊक नव्हतं. दमयंतीने पदर खोचला, किल्ली पदराच्या टोकाला बांधली, बॉनेट उघडलं आणि तिन्हींतला एकेक जुन्याशी लावून पाहिला. तिसरा बरोबर होता. शनिवारी, उपाशी पोटी, तिने ती काळी तेलकट वस्तू स्वतःच्या हाताने उचलली. अंगावर काटा आला. तरी ती तशीच उभी राहिली आणि तिने जुना पट्टा चिमटीत धरून पोटाकडून उलटा केला.

वरून तो बरा दिसत होता. पोटाला मात्र आडव्या भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा. एका जागी करंगळीएवढा तुकडाच गळून गेला होता आणि आतले दोरे मोकळे झाले होते.

"आत्ता बदलू का?" तिने काचेशी जाऊन विचारलं.

"किती वेळ लागेल तुला?"

"अर्धा तास."

त्यांनी ओठ चावला. "मग नको. पंधराच मैल आहेत. चल."

चल म्हणाले म्हणून ती निघाली. पण तिच्या बोटांनी त्या भेगा पाहिल्या होत्या, त्यांच्या नव्हे. हे त्यांना ठणकावून सांगायला हवं होतं. ठणकावून सांगणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

रस्ता आता रुंद होता. लढाईचे ट्रक येत-जात होते. प्रत्येक ट्रक समोरून आला की ती गाडी इतकी कडेला घ्यायची की चाक मातीत उतरायचं, आणि मागून कण्हणं यायचं. समोरच्या फळीवर डायनॅमोचा एक काटा होता. तो मधोमध उभा असेल तोवर पट्टा फिरतोय, असं तिला शिकवलेलं होतं. ती रस्त्याकडे कमी आणि त्या काट्याकडे जास्त बघत होती.

कामरगावचा चढ लागला. तिने गिअर बदलला, कसाबसा, दात करकरावेत तसा आवाज करून. गाडी धापा टाकत निम्म्या चढाला आली, आणि पुढच्या बाजूला थोबाडीत मारल्यासारखा एक आवाज झाला. काटा डावीकडे पडला. तिने ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली, उतरून चाकामागे धोंडा ठेवला. तोवर रेडिएटरच्या बुचाशी वाफ फुसफुसायला लागली होती.

तापलेलं बूच उघडायचं नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, ओतलं तर लोखंड तडकेल. थांबायचं. हेही सगळं शिकवलेलं होतं. किल्ली काढून तिने पदराला गाठ मारली, बॉनेट वर केलं आणि ती मागे सरून उभी राहिली. चार रामरक्षा होईपर्यंत थांबायचं, असं तिने ठरवलं.

एक ट्रक वर चढत आला. तिने हात वर केला. ट्रक तिच्यावर धूळ उडवून निघून गेला.

पहिली रामरक्षा संपायच्या आत मागून हाक आली. स्वर चांगला होता. सकाळपासून पहिल्यांदा तो स्वर माणसाचा होता.

"अगं, थांबलं बघ. आता दुखत नाही. बरं वाटतंय."

ती काचेशी गेली. शामकांतराव हसत होते. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे होते आणि चेहरा मोकळा होता. आपणच दीड तासापूर्वी काय सांगितलं ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्यातला डॉक्टर कुठे निघून गेला होता. मागे नुसता रोगी उरला होता, आणि दुखणं थांबलं म्हणून तो खूश होता. दमयंतीला त्या वाफेपेक्षा, त्या चढापेक्षा, त्या हसण्याची भीती वाटली. "हो का? पडून राहा हं," एवढं ती बोलली. आपला आवाज फुटला नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

थांबणं आता शक्य नव्हतं आणि थांबण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. तिने चार रामरक्षांच्या जागी निम्म्या वेळातच पाना उचलला. लोखंड चटके देत होतं. बांगड्या वर सारल्या, पण बांधायला चिंधी सापडेना. हात आत घातला आणि दोन बांगड्या खळकन फुटल्या.  ती चाकापाशी मटकन खाली बसली.

"काय झालं गं लेकी? गाडीचा जीव गेला का मानसाचा?"

उतारावरून एक म्हातारी वर आली होती. डोक्यावर घागर, कमरेला खुरपं. वरच्या वावरात खुरपायला बसलेल्या बायकांना ती पाणी घेऊन निघाली होती. बनुबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. तिने गाडीत डोकावून पाहिलं, घागर खाली ठेवली आणि पुढे काहीच विचारलं नाही.

दमयंतीने तिला सांगून टाकलं. का सांगितलं ते तिलाच कळलं नाही. नवीन पट्टा सकाळीच दारात आला होता, शनिवार म्हणून आपणच परत पाठवला, यांना सांगितलंसुद्धा नाही.

बनुबाईने तिच्या हाताकडे बघितलं. हात थरथरत होते. "म्या बी शनवार धरते, तीस वर्सं झाली," ती म्हणाली. "पर ह्ये खुरपं लोखंडाचंच हाय. ते ठिवून दिलं तर रान कोन खुरपंल? ऊठ. पोटात काय हाय का तुझ्या?"

उपास आहे, दमयंती म्हणाली.

"आसल्या हातानं पाना धरशील व्हय तू?" बनुबाईने ओच्यातून संध्याकाळसाठी बांधलेला भाकरीचा तुकडा काढला. "खा. तुझा उपास म्या धरते. आता बोलू नगं."

शनिवारी, दिवस मावळायच्या आत, रस्त्यात उभी राहून, तेलकट हातांनी दमयंतीने बाजरीची भाकरी खाल्ली.  बनुबाईने वरून ओंजळीत पाणी घातलं.

तुटलेल्या पट्ट्याची लक्तरं तिने आधी ओढून काढली. एक टोक पंख्यामागे गुंतलं होतं. मग डायनॅमोचा बोल्ट ढिला केला, म्हणजे डायनॅमो इंजिनाकडे झुकेल आणि नवा पट्टा चढेल. डायनॅमो हलेना. तिने खांद्याने रेटला, तरी हलेना. पाना निसटून बोटाची सालटी निघाली. गाडीत शामकांतराव आता काहीच बोलत नव्हते. ते गप्प आहेत की झोपलेत की आणखी काही, हे बघायला जावं असं वाटत होतं, आणि जायची छाती होत नव्हती. सालटं निघालेलं बोट तोंडात धरून ती तशीच उभी राहिली आणि त्यांचा आवाज आठवण्याची धडपड करू लागली. रामरक्षा तेवढी आठवत होती, बाकी सगळं पुसून गेलं होतं. मग हाताने आपणहून खाली चाचपलं. खाली आणखी एक बोल्ट होता. तो तर ती विसरलीच होती.

तो सुटला. डायनॅमो झुकला. नवा पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून सरकवत तिने आत घेतला, खालच्या चाकावर बसवला, मग डायनॅमोच्या, आणि शेवटी पंख्याच्या. बनुबाईने गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल मधे घालून डायनॅमो बाहेरच्या बाजूला रेटून धरला. "आसं का? आजून?" ती विचारत होती, बैलाच्या मानेवर जू धरावं तशी. दमयंतीने दोन्ही बोल्ट आवळले. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. अर्धा इंच दबला. तेवढाच दबायला हवा होता.

मग किल्ली. गाठ घामाने इतकी आवळली होती की नखांनी सुटेना. ती तिने दातांनी सोडवली. इंजिन सुरू झालं, काटा मधोमध येऊन उभा राहिला. बनुबाई गाडीतल्या पत्र्याच्या डब्याने घागरीतलं पाणी चालत्या इंजिनाच्या रेडिएटरमध्ये हळूहळू ओतत होती. खालून तासाभराच्या वाटेवरून आणलेलं पाणी. वावरातल्या बायका तहानेल्याच राहिल्या असतील, हे दमयंतीला फार उशिरा सुचलं.

धोंडा काढताना बनुबाई काचेशी आली. "आमचं घर वर हाय, चढ सरला की लिंबाखाली. मानूस वाचला का न्हाई ते सांगाय ये. तवर उपास सोडत न्हाई म्या."

असं करू नका, दमयंती म्हणाली. उद्याचा दिवससुद्धा जाईल.

"तुझा उपास हाय त्यो, म्या कसा सोडू? तू सांगितल्याबिगर?"

"येते," दमयंती म्हणाली. "सांगायला येते."

पुढचे दहा मैल तिने गाडी जशी हाणली तशी माळावर शामकांतरावांनी हाणली असती तर ती उतरून घरी चालत गेली असती. चास मागे पडलं, केडगाव मागे पडलं. मागच्या बाकावरून आवाज नव्हता. खड्डा आला की त्यांचं डोकं दारावर आपटायचं, आणि त्या आवाजावरून ती समजायची की ते तिथे आहेत.

दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवलं तेव्हा दुपार कलली होती. सर्जनसाहेब धावत आले. पोटाला हात लावून त्यांनी एकच प्रश्न विचारला: दुखायचं थांबून किती वेळ झाला?

"पंधरा रामरक्षा," दमयंती म्हणाली. आणि मग सगळे तिच्याकडे बघू लागल्यावर, "म्हणजे सव्वा तास."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

आत नेताना शामकांतरावांनी डोळे उघडले. ती खाटेबरोबर पळत होती. त्यांनी तिचा काळा हात पाहिला, फुटलेल्या बांगड्यांचे ओरखडे पाहिले. काही बोलायचं होतं, पण दार लागलं.

रविवारी सकाळपर्यंत ती वऱ्हांड्यात बसून होती. पोटात फुटलेलं होतं, धुऊन काढलंय, नवं सल्फाचं औषध सुरू केलंय, असं सर्जनसाहेबांनी सांगितलं. वाचतील का, असं तिने विचारलं नाही. तीन दिवस काही म्हणता येत नाही, असं त्यांनीच न विचारता सांगितलं. रात्रभर ताप होता. सकाळी अकराला तो जरा उतरला आणि सिस्टरने तिला आत सोडलं.

शामकांतराव जागे होते. पाणी प्यायला बंदी होती. तिने कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांवर फिरवला. 

"छगनला परत पाठवलंस," ते म्हणाले. आवाज कागदासारखा झाला होता.

"हो."

"मला सांगायचं होतंस. मी रस्त्यात उभा राहून घेतला असता. घरात आणला नसता."

एवढं बोलून ते दमले. दमयंतीच्या हातातला बोळा खाली पडला. इतकी वर्षं, इतके चातुर्मास, इतके नेम, आणि तिला वाटत होतं की ते मनात हसतात. तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सिस्टर आली आणि हे असलं इथे नको म्हणून तिला बाजूला केलं.

ते झोपले. ती उभी राहून त्यांचा श्वास मोजत होती. श्वास चालू होता, तेवढंच. सिस्टरला तिने विचारलं, किती वेळ झोपतील? दोन-तीन तास, सिस्टर म्हणाली. आणि तेवढ्यात काही झालं तर?  चादरीचं टोक सिस्टरने पुन्हा खोचलं, आधीच खोचलेलं.

कामरगाव दहा मैल. गाडीत पेट्रोल तळाला होतं आणि पेट्रोलची रेशन-कूपनं पारनेरला. हमरस्त्याला एखादी मोटार मिळाली तर दिवस मावळायच्या आत जाऊन परत येणं जमेल, नाही मिळाली तर जमणार नाही. आणि तिथे जाऊन काय सांगायचं? वाचले, असं तिला सांगता येत नव्हतं. त्यांना सोडून जायची भीती पायांत शिशासारखी उतरली होती. पण चढाच्या वर, लिंबाखाली, एक म्हातारी काल सकाळपासून उपाशी होती. तो उपास तिचा नव्हता. वावरातून दमून आल्यावर चुलीपाशी बसून ती रस्त्याकडे कान देत असेल. कालपासून त्या रस्त्याने किती गाड्या गेल्या असतील.

दवाखान्याच्या फाटकाशी एक बाई केळी घेऊन बसली होती. दमयंतीने तिच्याकडून दोन घेतली आणि पदराच्या शेवात बांधली. राधाकृष्णपंतांची बैलगाडी एवढ्यात येऊन पोचली होती. दमलेले बैल ते सोडत होते. तिने त्यांना शामकांतरावांच्या खाटेपाशी बसायला सांगितलं, जागे झालेच तर मी परत येते म्हणून सांगा, असंही सांगितलं. कुठे निघालात, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती फाटकाबाहेर पडली होती.

केडगावच्या वाटेला ऊन होतं. चप्पल कालच कुठेतरी हरवली होती. रस्त्याच्या कडेच्या मातीत पाय जरा कमी पोळत होते, म्हणून ती कडेकडेने चालत होती, आणि ओठ हलत होते.